नंबरबाईंचा परतफोन

नंबरबाईंना मी पहिल्यांदा पाहिलं ते खांबावरून. मी नवा लाइनमन होतो, कमरेला पट्टा, पायाखाली चौदा फूट हवा आणि समोर टेलिफोन एक्स्चेंजच्या पहिल्या मजल्याची खिडकी. खिडकीत एक बाई हेडफोन लावून बसलेली. दोन्ही हात बोर्डावर भरभर चाललेले आणि तोंडाने एकाच वेळी तिघांशी बोलणं चाललेलं. एकाला थांबवत होत्या, एकाला जोडत होत्या, एकाला दटावत होत्या. मी इतका बघत राहिलो की हातातली पक्कड सुटली. ती खाली उभ्या असलेल्या आमच्या सुपरवायझरच्या सायकलच्या घंटीवर पडली. तीच आमची ओळख. बाई खिडकीतून म्हणाल्या, "लाइनमन, घंटी वाजवायची तर फोनवर वाजवा." तेव्हापासून आजतागायत मी त्यांचा लाइनमन आणि त्या माझ्या बाई. गाव त्यांना नंबरबाई म्हणायचं.

एकतीस वर्षं त्यांनी तो बोर्ड चालवला. गावातला प्रत्येक आवाज त्यांना पाठ. एकदा एका गृहस्थाने परगावच्या भावाला ट्रंक कॉल मागितला. बाई म्हणाल्या, भाऊ सकाळच्या गाडीने इथेच आलाय, आत्ता न्हाव्याकडे अर्धी दाढी करून बसलाय, तिथेच जोडून देते. दिलाही. त्यामुळे हळूहळू लोकांनी नंबर मागणं सोडलं आणि बाकीचंच विचारायला लागले. डॉक्टर उठलेत का, दाखल्याचा अर्ज कुठल्या खिडकीत मिळतो, म्हाताऱ्याला न्यायला चाकांची खुर्ची कोणाकडे असेल. बाईंना सगळं ठाऊक असायचं, आणि ठाऊक नसलं तर पाच मिनिटांत ठाऊक व्हायचं.

मग यंत्र आलं आणि बोर्ड गेला. बाई निवृत्त झाल्या. एकट्याच होत्या, ना मूल ना बाळ. घरी बसून त्या भिंतीशी बोलायला लागतील असं मला वाटलं होतं, पण महिन्याभरात त्यांनी समाजकेंद्रात एक टेबल, एक फोन आणि बुटांची दोन रिकामी खोकी मिळवली. खोक्यांत कार्डं. प्रत्येक कार्डावर एक काम आणि ते कुठे होतं त्याचा पत्ता. चष्मे फुकट कुठे मिळतात, घराबाहेर काढलेल्या बाईला रात्रीपुरता आसरा कोण देतं, दारू सुटावी म्हणून कुठे जावं, अशी साडेतीनशे कार्डं. विनामोबदला नऊ वर्षं त्यांनी ते टेबल सांभाळलं.

त्यांचा एक नियम होता, तो नीट ऐकून ठेवा, पुढे त्यानेच घोटाळा केला. त्या म्हणायच्या, पत्ता दिला म्हणजे काम झालं नव्हे, माणूस पोचला म्हणजे झालं. म्हणून प्रत्येक फोनची नोंद वहीत, आणि बरोबर दोन दिवसांनी त्या माणसाला उलटून फोन. गेलात का, काम झालं का? याला त्यांनी नाव दिलं होतं परतफोन. तीनदा परतफोन करूनही माणूस भेटला नाही, तर नोंदीपुढे लाल फुली.

मग समितीने ठरवलं की हे काम आता रीतसर करायचं. सकाळी आठ ते रात्री आठ हेल्पलाइन, सोपा नंबर, कॉम्प्युटर आणि पगारी ऑपरेटर. ऑपरेटरला वयाची अट होती, आणि त्या अटीत बाई बसत नव्हत्या. बाईंचा मान राखायला त्यांना निवड मंडळावर घेतलं आणि पुढे ऑपरेटरवर देखरेखही त्यांच्याकडेच दिली. मंडळावर बाकी दोघं. अध्यक्ष म्हणजे दातांचे जुने डॉक्टर, ज्यांच्यासमोर सगळं गाव आ वासून बसलेलं. आणि वाचनालयाच्या ग्रंथपालबाई. देखरेखीची खुर्ची बाईंनी घेतली, पण त्या दिवशी चहा घेतला नाही. मी ओळखलं.

निवडीची पद्धत बाईंचीच. उमेदवाराला फोनसमोर बसवायचं, शेजारच्या खोलीतून मी फोन करायचा, आणि तिघांनी एक्स्टेंशनवर ऐकून गुण द्यायचे. मला चिठ्ठी दिली होती: कानाचं यंत्र बिघडलंय, कुठे दुरुस्त होईल विचारायचं, मध्येमध्ये वैतागायचं. वैतागायला याला चिठ्ठी कशाला लागते, असं आमच्या हिचं म्हणणं पडलं.

अकरा उमेदवार आले. दहा जणांनी पत्ता बाणासारखा सोडला. त्यातल्या एका मुलीने तर बाईंची कार्डं पाठ केली होती. आवाज असा की रेडिओने उचलून न्यावा. बाईंचे डोळे भरून आले म्हणे. अकरावी आली ती औषधाच्या दुकानात अकरा वर्षं काउंटरवर उभी राहिलेली बाई. आवाज साधा, जरा बसकाच. मी माझं रडगाणं सुरू केलं. तिने विचारलं, काका, यंत्र कुठल्या कानाचं? चिठ्ठीत ते नव्हतं. मी म्हटलं, डाव्या. ती म्हणाली, मग फोन उजव्या कानाला घ्या, म्हणजे मला ओरडावं लागणार नाही आणि तुम्हाला वैतागावं लागणार नाही. मी खरंच कान बदलला! मग म्हणाली, दुकान दुसऱ्या मजल्यावर आहे, जिना चढवतो का? मी चिठ्ठी विसरलो आणि माझ्या खऱ्या गुडघ्याचं सांगत बसलो. तर ती म्हणाली, दर बुधवारी त्यांचा माणूस डोळ्यांच्या दवाखान्यात तळमजल्यावर बसतो, तेव्हा जा.

बाईंनी तिला शून्य दिलं. कारण बुधवारचा माणूस कार्डावर नव्हता. दोघांनी पैकीच्या पैकी दिले. दोन विरुद्ध एक, औषधवाली निवडली गेली. सहा महिने प्रोबेशन, आणि कायम करताना देखरेखीच्या अहवालावर सही बाईंची. त्या सहीवाचून तिची नोकरी टिकणार नव्हती, आणि दुकानातली जागा तर ती सोडून आली होती.

पुढच्या बुधवारी बाई डोळ्यांच्या दवाखान्यात स्वतः जाऊन आल्या. तो माणूस तिथे होता. नसता तर बाई हसत परत आल्या असत्या. होता, म्हणून दोन दिवस कोणाशी बोलल्या नाहीत.

हेव्याला मी हसत नाही हं. माझ्या जोडीदाराला ॲल्युमिनियमची हलकी शिडी मिळाली आणि मला तीच लाकडी राहिली, तेव्हा सहा महिने मी रोज त्याची शिडी मोडावी म्हणून मनात म्हणत होतो. शेवटी मोडली माझी, तीही मी तिच्यावर असताना. तोच जोडीदार मला उचलून घरी घेऊन आला. त्याच्या शिडीवर आडवं घालून.

बाईंच्या पोटदुखीचं खरं कारण दुपारच्या सुटीत घडलं. औषधवाली डबा खायला गेली की अर्धा तास फोन बाईंकडे असायचा. एके दिवशी पलीकडून कोणी विचारलं, ताई नाहीत का? बाईंनी आपल्या घोटीव आवाजात सांगितलं, मी आहे, बोला. तो म्हणाला, नको, राहू द्या, ताई आल्या की करतो. आणि ठेवला. बाई रिसीव्हर हातात धरून बसून राहिल्या. मग असं रोजच व्हायला लागलं. एकतीस आणि नऊ, चाळीस वर्षांत बाईंचा आवाज ऐकून कोणी फोन ठेवला नव्हता.

त्यांनी मला विचारलं, "लाइनमन, तिच्या आवाजात आहे तरी काय?"

मी मूर्खासारखं खरं बोललो. "बाई, ती घाई करत नाही."

चार दिवस माझा चहा बंद.

मग देखरेख कडक झाली. टेबलावर स्टॉपवॉच आलं. सहा मिनिटांच्या वर फोन चालता कामा नये, असा बाईंचा नियम. ट्रंक कॉलच्या काळी तीन मिनिटांची एक पाळी असायची, दोन पाळ्यांत कुठल्याही माणसाचं दुःख सांगून होतं, असा त्यांचा हिशोब. औषधवालीचे फोन सात मिनिटं, आठ मिनिटं जायचे. बाई लाल पेन्सिलीने गोल करायच्या. ती गोल पाहायची, मान हलवायची आणि पुढच्याला पुन्हा सात मिनिटं द्यायची.

त्यात तिने एक मोठाच अपराध केला. रिकाम्या वेळात तिने साडेतीनशे कार्डांवरच्या प्रत्येक ठिकाणी फोन लावून पाहिला. एक्केचाळीस पत्ते चुकीचे निघाले. कोणी जागा बदललेली, कोणी बंद पडलेलं, एक तर वारलेला. तिने समितीला सांगितलं नाही. यादी गुपचूप बाईंच्या हातात दिली आणि म्हणाली, तुम्हीच दुरुस्त करा, कार्डांवर अक्षर तुमचं आहे. झालं! बाई माझ्याकडे येऊन फणफणल्या. चूक दाखवली ती दाखवली, वर माझा मानही ठेवला, म्हणाल्या. आता हिच्यावर रागवायचं तरी कसं?

आता खोट्या फोनचं सांगतो. देखरेखीच्या नियमांत एक होता की महिन्यातून दोनदा कोणीतरी गरजू बनून फोन करायचा आणि ऑपरेटर कशी वागते ते पाहायचं. बाईंच्या घरचा नंबर औषधवालीला ठाऊक. माझा मोबाइलही ठाऊक. पण माझ्या घरी अजून तारेचा फोन आहे. लाइनमनच्या घरी तार नसेल तर कोणाच्या असणार? तर बाई मंगळवारी अकरा वाजता आमच्या घरी यायला लागल्या. रिसीव्हरवर रुमाल धरायचा, आवाज कापरा करायचा आणि आजीबाई व्हायचं. आमची ही भाजी निवडायचं सोडून समोर येऊन बसायची. इतकं सुख तिला चाळीस वर्षांत मी दिलं नाही.

पहिल्यांदा आजींना चष्मा हवा होता. औषधवालीने नीट सांगितलं, चार मिनिटं. बाईंनी तो फोन वहीतून परीक्षेचा म्हणून स्वतःच वगळून टाकला. दुसऱ्यांदा आधाराची काठी, पाच मिनिटं. गुण कापायला जागाच मिळेना. आणि शनिवारी समितीची बैठक, त्यात कायम करायचं की नाही ते ठरायचं. त्या शेवटच्या मंगळवारी बाई आल्या त्याच निश्चयाने. म्हणाल्या, आज हिला सहा मिनिटांच्या वर नेतेच, आणि स्टॉपवॉचची कळ दाबली.

पण समोरच्याला लांबवायचं म्हणजे आपल्याला बोलत राहावं लागतं. काठीचं सांगून झालं, गुडघ्याचं झालं, झोप लागत नाही तेही झालं. आठव्या मिनिटाला बाईंजवळच्या थापा संपल्या. मग त्या काय बोलायला लागल्या म्हणता? म्हणाल्या, घरात सून आलीय. माझं स्वयंपाकघर गेलं. डबे मी लावलेले, चूल मी मांडलेली, आता येणारा जाणारा तिलाच हाक मारतो. माझ्या हातचं कोणी मागत नाही. वाईट असती तर भांडले असते, पण ती वाईटही नाही हो.

रुमाल केव्हाच खाली पडला होता. आवाज कापरा होता, पण आता तो काढलेला नव्हता. हिने माझ्याकडे पाहिलं, मी खिडकीबाहेर.

पलीकडून औषधवाली बहुतेक ऐकतच होती. मध्ये एकदा काहीतरी विचारलं, त्यावर बाई म्हणाल्या, नाही, कोणाला सांगितलं नाही. फोन ठेवला तेव्हा स्टॉपवॉचवर एकोणीस मिनिटं. बाईंनी डोळे पुसले, नाक शिंकरलं आणि फॉर्मवर ठळक लिहिलं: एकोणीस मिनिटे, नियमभंग. माणूस कसा असतो बघा. मन मोकळं केलं तिच्याजवळ, आणि तेवढ्याच मिनिटांचा फास करून तिच्याच गळ्यात.

आणि या सगळ्या गडबडीत तो फोन वहीतून वगळायचा त्या साफ विसरल्या.

गुरुवारी सकाळी आमचा फोन वाजला. हिने उचलला. पलीकडून ओळखीचा, बसका आवाज. आजी आहेत का? मंगळवारी बोलल्या होत्या, बरं वाटतंय का विचारायला केलाय. बाईंनी नऊ वर्षं जपलेला परतफोन, तो आमच्याच घरात येऊन वाजला! आमच्या हिला खोटं बोलता येत नाही, म्हणजे बोलते, पण एकच. म्हणाली, आंघोळीला गेल्यात. अर्ध्या तासाने पुन्हा फोन. अजून आंघोळच. दुपारी तिसरा फोन. तेव्हाही ही म्हणाली, आंघोळीला गेल्यात, आणि स्वतःच जीभ चावली. औषधवाली हसली नाही. तिने विचारलं, घरात सगळं ठीक ना? सून त्रास देते का? तेव्हा हिने जे सांगितलं ते मात्र शंभर नंबरी. "सून सोन्यासारखी आहे गं. आजींनाच बघवत नाही."

आता शुक्रवार. हे मला बाईंनीच पुढे सांगितलं. औषधवाली वही घेऊन त्यांच्या टेबलापाशी आली. वहीत मंगळवारच्या नोंदीपुढे तिने स्वतःच्या हाताने लाल फुली मारली होती. फुली म्हणजे काम अपुरं. दुसऱ्या दिवशी ज्या अहवालावर तिची नोकरी ठरायची, त्यात एक वजा तिने स्वतःच घालून घेतला होता. आणि फुलीचा नियम असा की पुढचा फोन देखरेख करणाऱ्याने स्वतः करायचा. तोही बाईंचाच नियम.

ती म्हणाली, "बाई, या आजींना मी एकोणीस मिनिटं ऐकलं, पण त्यांना हवं ते माझ्याकडे नव्हतं. मला वाटतं त्या तुमचंच ऐकतील."

आणि समोर उभी राहिली. बाईंनी वही पाहिली, नंबर पाहिला. पाठच होता. आपणच खणलेला खड्डा, आता उतरण्यावाचून गत्यंतर नाही. त्यांनी फोन लावला.

इकडे मी घरी एकटा. ही शेजारी गेलेली. उचलला तर बाई, पण आवाज खास कामाचा, बोर्डावरचा.

"हेल्पलाइनमधून बोलतेय. आजी आहेत का?"

ऑपरेटर बाजूला उभी आहे हे मी ताडलं. म्हटलं, "आहेत. इथेच आहेत. पण फोनवर येतील असं वाटत नाही."

"मग निरोप द्या. म्हणावं, सुनेला घराबाहेर काढून स्वयंपाकघर परत मिळत नाही."

"देतो. पण बाई, हेवा फार आहे हो त्यांना."

मग म्हणाल्या, "ठाऊक आहे मला. राहील तो. म्हणावं, राहू दे, पण कुठल्या डब्यात काय आहे ते तिला दाखवून दे. आणि आठवड्यातून एक दिवस चूल मागून घे. मागायला लाजू नको."

"आणि ऐकलं नाही तर?"

"तर दोन दिवसांनी मी पुन्हा फोन करीन," बाई म्हणाल्या आणि ठेवला.

शनिवारी बैठकीत अहवाल दातांच्या डॉक्टरांनी वाचून दाखवला. मी दाराशीच होतो. एकोणीस मिनिटांचा नियमभंग बाईंनी खोडला नव्हता. खाडाखोड त्यांच्या रक्तात नाही. फक्त पुढे ओळ वाढवली होती: फोन ऑपरेटरने लांबवला नाही, करणारीने ठेवला नाही. सहा मिनिटांचा नियम रद्द करावा. ऑपरेटरला कायम करावं. खाली सही, टपोरी, चाळीस वर्षांची. आणि सहीखाली मागणी: दर मंगळवारी अकरा ते एक फोन माझ्याकडे.

मी औषधवालीला एकदा विचारलंच, तू ओळखलं होतंस का गं? तर म्हणाली, "काका, अकरा वर्षं औषधाच्या दुकानात काढलीत. माझ्या एका मित्रासाठी हवंय म्हणणारे सगळे मला कळतात." बाई म्हणतात, शक्यच नाही, रुमाल होता.

हेवा गेला असं मात्र कोणी समजू नका. बाई अजून तिचे फोन चोरून मोजतात. ती रजेवर गेली की टवटवीत दिसतात, आणि परत आली की विचारतात, इतक्यात आलीस? एक्केचाळीस कार्डं त्यांनी नव्याने लिहिली, आणि मग जिद्दीने आणखी साठ अशी ठिकाणं हुडकली, जी औषधवालीलासुद्धा ठाऊक नव्हती. ती साठ कार्डं तिच्या टेबलावर ठेवताना बाईंचा चेहरा बघायला मी खास गेलो होतो.

परवा मंगळवारी मी चहाला गेलो तेव्हा बाई फोनवर होत्या. पलीकडून कोणीतरी विचारलं असणार, ताई नाहीत का. पूर्वी बाईंच्या कपाळावर आठी आली असती. आलीच. पण त्या खुर्चीत सावरून बसल्या, पेन्सिल उचलली आणि म्हणाल्या,

"नाही. मी तिची सासू बोलतेय. सांगा, काय हवंय?"

त्याने फोन ठेवला नाही. अकरा मिनिटं बोलत होता.